धरा जरा टोपी

"मास्तर, धरा जरा टोपी."

एवढं म्हणायचं, टोपी माझ्या शिलाई मशीनवर ठेवायची, कमरेचा पट्टा सोडून तिच्याशेजारी गुंडाळून ठेवायचा आणि मग सावकाश दुकानाच्या पायऱ्या उतरून समोरच्या भांडणात शिरायचं. हवालदारांची ही रीत चाकणच्या बाजारात सगळ्यांना पाठ होती. दोघं एकमेकांच्या गळपट्टीला धरून उभे असले तरी त्यांतला एखादा म्हणायचा, "थांब रे जरा, हवालदार टोपी काढतायत." आणि ते येईपर्यंत दोघं तसेच, गळपट्टी न सोडता, वाट बघत उभे राहायचे. तुम्हाला वाटेल मी मीठमसाला लावतोय. मला काय गरज पडलीय?

आधी हे सांगून टाकतो की ते हवालदार नव्हतेच. साधे शिपाई होते. कुणी हवालदार म्हटलं की म्हणायचे, "शिपाई म्हना राव. बाहीवर फीत लागंल तवा हवालदार म्हना." पण त्या काळी पोलीस म्हणजे हवालदार, ही गावाची साधी समजूत. फीत लागो न लागो. मीही त्यांना हवालदारच म्हणत आलो आणि आजही दुसरं नाव तोंडात येत नाही.

ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या चारदोन वर्षांतली. आम्ही मूळचे बीडकडचे, निजामाच्या मुलखातले. वडील गेल्यावर आई, मी आणि धाकटा सोपान असे तिघं एक मशीन घेऊन इकडे आलो आणि चाकणला पोलीसचौकीसमोर मी शिलाईचं दुकान टाकलं. जागा स्वस्तात मिळाली, कारण चौकीसमोर दुकान टाकायला दुसरं कुणी तयार नव्हतं. आज महाळुंग्याला, कुरुळीला जिकडे बघाल तिकडे कंपन्यांच्या भिंती दिसतात. तेव्हा तिथे ज्वारी होती, कांदा होता. मोठे कारखाने उभे राहायला लागले होते ते खाली पिंपरीकडे. आमचा सोपान सायकल मारत तिथे बांधकामावर वाळू-सिमेंट वाहायला जायचा आणि परत आला की तालमीत जायचा. अंगाने दांडगा, मनाने भोळा आणि डोक्याने गरम. ह्या तीन गोष्टी एका माणसात आल्या की घरातल्यांना झोप लागत नाही.

आईला पोलिसांची फार धास्ती. तिकडच्या मुलखात तिने जे पाहिलं होतं ते ती आम्हाला कधी सांगायची नाही, पण बूट वाजले की तिच्या हातातलं भांडं पडायचं. दुकान सुरू करून आठवडा झाला नसेल, हवालदार पायरी चढून आत आले. आई पडद्याआड गेली ती थेट मागच्या दाराने शेजारणीकडे. तिला वाटलं, मशीन उचलून न्यायला आले. हवालदार आले होते डगल्याची कॉलर सैल करायला. सरकारी कापड पहिल्याच धुण्यात आटायचं आणि त्यांची मान काही आटत नव्हती.

त्यांनी टोपी काढली आणि मी पाहतच राहिलो. चौकीच्या दारात उभा असलेला तो उग्र पोलीस कुठे गेला कळेना. डोक्यावर एक केस नाही, टोपीचा गोल वळ कपाळावर उमटलेला, कान थोडे पुढे आलेले. कुणाच्याही लग्नात पंगतीत वाढायला पुढे असतो ना, तसा एखादा मामा समोर उभा होता. आई मागच्या दाराने परत येऊन पडद्यातून बघत होती. तिने पडदा सोडला आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पोलिसाला पाणी देण्याची तिची ती पहिली वेळ.

जाताना मात्र ते माझ्या आरशासमोर उभे राहत आणि टोपी घालत. दोन बोटं भुवईवर ठेवून माप घ्यायचे, डावीकडे रेसभर, उजवीकडे रेसभर. टोपी काटकोनात बसल्याशिवाय पायरी उतरायची नाही. मी माप घेताना इतकी काळजी घेतली असती तर माझं दुकान पुण्यात असतं.

ते टोपी का काढतात हे मी एकदा विचारलं. शनिवारचा बाजार होता. कांद्याच्या दोन गाड्यांची चाकं एकमेकांत अडकून दोन गाडीवान हातघाईवर आले होते. हवालदार टोपी माझ्याकडे ठेवून मध्ये गेले. एकाने त्यांना असं ढकललं की ते बैलाच्या शेणात बसले. उठले, हात झटकले, त्या दोघांच्या बखोट्याला धरून समोरच्या हॉटेलात गेले आणि तिघांनी चहा घेतला. परत आले तेव्हा चड्डीवर शेण तसंच होतं.

"हवालदार," मी म्हटलं, "टोपी घालून गेला असता तर हात लावायची हिंमत केली असती का त्याने?"

"लावला असता तर?"

"तर आत टाकायचा."

"तेच की." ते पाटावर टेकले. "मास्तर, टोपी डोक्याव असली की मारनारा मला मारत न्हाई, सरकारला मारतो. तीनशे त्रेपन्न कलम लागतं. दोन वर्सांपातुर सजा. आनि मागनं मी म्हनलं, जाऊ द्या, पोरगं हाय, चुकलं, तर ते माझ्या हातात न्हाई. सरकारचं माफ करायला मी कोन? पर नुसत्या डोक्याला मारलं तर ते साधी मारामारी. ते आमचं आमी मिटवू शकतो. म्हनून टोपी बाजूला. टोपीला माफी करता येत न्हाई, डोक्याला येती."

कायदा असा आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. चाकणमध्ये कुणालाच नव्हतं. पण हवालदार सांगतात म्हणजे कायदा तसाच असणार, असं सगळा बाजार धरून चालला होता. महाळुंग्याच्या एका म्हातारीने तर त्यांना केरसुणीने झोडपलं होतं. ते तिच्या लेकाला समन्स द्यायला गेले होते. तिच्या हातात केरसुणी दिसताच ह्यांनी टोपी तिच्याच सुनेच्या हातात दिली. म्हातारीने आधी खात्री करून घेतली, "काडली का? मंग ठीक हाय," आणि मग झोडपलं. नंतर त्यांना भाकरी खायला घातली, समन्स घेतलं आणि लेकाला वेळेवर कोर्टात पाठवलं. हे ते स्वतः हसत हसत सांगत.

माझं स्वतःचं मत वेगळं होतं. मला वाटतं, कलमाबिलमाचा काही संबंध नव्हता. ते गुळगुळीत डोकं आणि कपाळावरचा तो वळ बघितला की माणसाचा अर्धा राग तिथेच उतरायचा. पण हे मी त्यांना कधी बोललो नाही. कुणाच्या श्रद्धेला सुई कशाला टोचा?

त्या वर्षी त्यांना बढती मिळायची होती. खरोखरचं हवालदारपद. कागद वर गेले होते. पुण्याला कामासाठी गेले तेव्हा त्यांनी बाहीवर लावायच्या फिती आधीच आणल्या आणि माझ्याकडे ठेवायला दिल्या. "आत्ता लावू नगा. हुकूम आला की लावा. घरात ठिवल्या तर मंडळी रोज काढून बघती." मी त्या बटणांच्या डब्यात ठेवल्या. खोटं कशाला बोलू, ते स्वतःही अधूनमधून यायचे, बटण पाहतो म्हणायचे आणि डबा उघडून फिती बघून जायचे.

मग कुरुळीची जत्रा आली.

कुस्त्यांच्या फडात सोपानची कुस्ती शेवटून दुसरी होती. फेटा आणि नारळाचं इनाम, पण मान मोठा. फौजदारसाहेब पाहुणे म्हणून खुर्चीवर बसलेले, हवालदार बंदोबस्तावर आणि मी फडाच्या कडेला मातीत बसून. हलगी वाजत होती. सोपानने समोरच्याला दोनदा खाली घेतलं, मग काय झालं कळलं नाही, तोच खाली आणि पंचांची शिट्टी वाजली. पंच म्हणाले, चितपट. सोपान म्हणाला, एकच खांदा लागला. मी कडेलाच होतो, मला विचाराल तर दोन्ही लागले होते. पण त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. तो पंचांच्या अंगावर निघाला. पंच म्हणजे सत्तरीचा माणूस.

"मास्तर, धरा जरा टोपी."

मी टोपी धरली. पट्टा धरला. हवालदार पंचांच्या पुढे जाऊन हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "सोप्या, घरला चल." सोपानची पहिली बुक्की पंचांसाठी होती, ती ह्यांच्या खांद्याला लागली. ती आपण सोडून देऊ. दुसरी त्याने बघून मारली, भुवईवर. हवालदार मातीत बसले आणि त्यांच्या डोळ्यात रक्ताची धार उतरली. हलगी थांबली.

"पकडा त्याला," फौजदार उभे राहून ओरडले. "ड्यूटीवरच्या पोलिसाला मारतो? माझ्यासमोर?"

हवालदार बसल्या जागेवरून हात हलवत होते. "साहेब, टोपी न्हवती. टोपी मास्तरांकडं हाय." फौजदारांनी ते ऐकलंच नाही. फिर्याद त्यांनी स्वतः दिली, कलम तीनशे त्रेपन्न. सोपानला चौकीत नेलं तेव्हा त्याचा राग उतरला होता आणि तो लहान मुलासारखा रडत होता. गावच्या पाटलांनी जामीन दिला म्हणून तो घरी आला. पण घरी येऊन आईकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

तालुक्याच्या गावचे, खेडचे वकील म्हणाले, "गुन्हा फौजदाराच्या डोळ्यांदेखत घडलाय, तो सुटत नाही. शिक्षा किती, ते मार खाल्लेल्याच्या साक्षीवर. ती कडक झाली तर वर्ष, दोन वर्षं धरून चला." आईने त्यानंतर जेवण सोडल्यासारखंच केलं. तिचं म्हणणं एकच, तुरुंगात गेलेलं लेकरू तेच परत येत नाही, दुसरंच येतं.

एके दिवशी ती मला घेऊन हवालदारांच्या घरी गेली. ज्या बाईच्या हातून बुटांच्या आवाजाने भांडं पडायचं, ती पोलिसाच्या ओट्यावर चढली. हवालदार बनियनवर बसले होते. भुवईवर टाके होते. मी नजर चुकवली तर म्हणाले, "बघा की मास्तर, टाका नीट पडलाय का? मला तर कच्चा टाका वाटतोय." मला हसायला येईना.

आई म्हणाली, "दादा, पाया पडते. कोर्टात एवढंच सांगा, पाय घसरून पडलो."

"माई, खोटं न्हाई बोलायचा मी."

"लेकरू आहे हो."

"म्हाईत हाय." मग जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न करतो, कारण टोपीचं सगळं कोडं मला त्या दिवशी उलगडलं. "मी नवा हुतो तवाची गोष्ट. दुसऱ्या तालुक्यात. एक पोरगं दारू पिऊन माझ्या पट्ट्याला झोंबलं. कानशिलात मारली त्यानं. मी रिपोट लिवला. लिवायचाच असतो. त्याला सजा झाली. मंग त्याचा बाप यायचा चौकीत, दर बाजाराच्या दिशी. काय मागायचा न्हाई, भांडायचा न्हाई. बाकड्यावर बसायचा आनि जाताना म्हनायचा, 'तुमी माफ करा की त्याला.' मी म्हनायचो, 'बाबा, मी कवाच केलंय. पर त्याचा काय उपेग न्हाई.' ते त्याला काय पटायचं न्हाई. त्याला वाटायचं, ह्यो मनापासनं करत न्हाई." हवालदारांनी टाक्यावरून बोट फिरवलं. "तवापासनं टोपी काढतो, माई. घसरलो म्हनून सांगनार न्हाई. पर जे खरं हाय ते सगळं सांगीन, टोपीसकट."

आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण घरी येऊन तिने चूल पेटवली आणि आम्हाला वाढून स्वतःही जेवली.

कोर्टाच्या तारखेच्या आधी फौजदार माझ्या दुकानात आले. पँट कमरेत घट्ट झाली होती. मी माप घेत असताना त्यांनी समोरच्या चौकीतून हवालदारांना हाक मारून बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. शिस्तीचा होता.

"उद्या साक्षीत टोपीचा विषय काढू नकोस," ते म्हणाले. "आरोपीने मारलं, तू बंदोबस्तावर होतास, संपलं. ड्यूटीवर टोपी-पट्टा उतरवून दुसऱ्याच्या हातात दिला, हे तुझ्या तोंडून कोर्टात आलं, तर मला वर कळवावंच लागेल. मग फीत विसर."

"पर साहेब, टोपी काडली हुती."

"कुणी विचारलंय का तुला?"

"कुनी न विचारता सांगावं लागतं ते. न्हाईतर अर्धंच खरं हुतं."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी टेप त्यांच्या कमरेभोवती धरून तसाच उभा होतो. ते म्हणाले, "मास्तर, दोन इंच सोडा," आणि विषय संपला.

खेडच्या कोर्टात हवालदार साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा टोपी नेमकी सरळ होती. त्यांनी सगळं सांगितलं. पहिली बुक्की, दुसरी बुक्की, काही लपवलं नाही. सोपानने मान खाली घातली. आईने माझा हात इतका दाबला की माझी बोटं बधिर झाली. मग ते म्हणाले, "आनि साहेब, मारलं तवा माझ्या डोक्याव टोपी न्हवती. मी मास्तरांकडं दिली हुती. नेहमीच देतो."

मॅजिस्ट्रेट लिहिता लिहिता थांबले. "नेहमी देता? कशासाठी?"

हवालदारांनी कारण सांगितलं. टोपी, डोकं, सरकारची माफी, स्वतःची माफी, सगळं. मागे बसलेले लोक हसले. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत.

"कायदा टोपी बघत नाही," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही बंदोबस्तावर होतात, म्हणजे सरकारी कामावर होतात. टोपी डोक्यावर असो की शिंप्याकडे, तुम्ही पोलीसच होता. कलम तेच लागतं."

"म्हंजे टोपी काढून काय उपेगच न्हाई?"

"कायद्यात नाही."

त्या क्षणी हवालदारांचा चेहरा मी पाहिला आणि सोपानची काळजी क्षणभर विसरलो. एवढ्या वर्षांत त्यांनी किती वेळा टोपी काढली असेल, किती ढकलाढकली, किती बुक्क्या, ती केरसुणी. आणि ह्या माणसाने त्यासाठी फीत गमावली, तीही कायद्यात नसलेल्या गोष्टीसाठी. त्यांनी हात वर नेऊन टोपीला लावला, ती आहे का बघावं तसा, आणि पिंजऱ्यातून खाली उतरले. आई पुटपुटली, "गेलं माझं लेकरू."

निकाल जेवणाच्या सुट्टीआधी झाला. मॅजिस्ट्रेटांनी सोपानला उभं केलं. गुन्हा शाबीत आहे, असं म्हणाले. पोलिसावर हात टाकणारा उद्या कुणावरही टाकेल, म्हणून कायदा अशा माणसाला सोडत नाही, असंही म्हणाले. आईने डोळे मिटले. मग त्यांनी हातातला कागद खाली ठेवला.

"पण ज्याने मार खाल्ला," ते म्हणाले, "त्यानेच मारणाऱ्याला तुरुंगातून वाचवायला मार खाण्याआधी टोपी उतरवून ठेवली होती. स्वतःचं नुकसान करून त्याने ते इथे सांगितलं. त्याचा कायदा चुकला, पण त्याची इच्छा कोर्टाला बाजूला ठेवता येत नाही. कोर्ट उठेपर्यंत कैद."

आम्हाला काही कळलं नाही. वकिलांनी समजावलं, संध्याकाळी कोर्ट उठलं की सोपान घरी. तोवर त्याने इथेच कैदी म्हणून बसायचं. आई तिथल्या तिथे फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी आजपर्यंत पुष्कळ देवांपुढे हात जोडले असतील, पण त्या दिवशी ज्या माणसाकडे बघून मनातल्या मनात जोडले तितके मनापासून कुठेच नाही.

आता कैदी म्हटला की पहाऱ्याला पोलीस हवा. कोर्टातला जमादार हवालदारांना म्हणाला, "तूच बस. तुझंच गिऱ्हाईक आहे." तेव्हा मार खाणारा आणि मारणारा दिवसभर एका बाकावर शेजारी बसले. दुपारी हवालदारांनी फडकं सोडलं. भाकरी, लसणाची चटणी. अर्धी सोपानपुढे सरकवली. सोपान खाईना.

"खा. कैद्याला उपाशी ठिवलं तर माझ्यावर कलम लागतंय."

मग सोपानने त्याची अर्धी खाल्ली आणि रडत रडत ह्यांचीही अर्धी खाल्ली. कितीही पश्चात्ताप झाला तरी पैलवानाची भूक ती पैलवानाची भूक. सूर्य कलला, मॅजिस्ट्रेट उठले, सगळे उभे राहिले आणि माझ्या भावाची शिक्षा संपली. एवढ्या वेळात सोपानच्या तोंडून हवालदारांशी एक शब्द निघाला नव्हता. माफी मागायची राहूनच गेली.

वर कळवायचं ते फौजदारांनी कळवलं. बढती थांबली आणि बदलीचा हुकूम आला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. हवालदार दुकानात आले, मी बटणांचा डबा पुढे केला. त्यांनी फिती हातात घेऊन पाहिल्या आणि परत ठेवल्या. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. मंडळीला दिसल्या तर उगा जीव खाईल." मी काही तरी बोलायला गेलो, उपकार वगैरे. ते म्हणाले, "कॉलर पुन्ना आटलीय मास्तर, तेवढी सोडा जाण्याआधी." मी ती कॉलर जशी शिवली तशी आयुष्यात दुसरी शिवली नाही.

पुढे त्यांची-आमची गाठ पडली नाही. तिकडून आलेल्या एकाने सांगितलं की तिथेही ते भांडणात शिरण्याआधी टोपी काढतात. मी म्हटलं, अहो, कोर्टाने सांगितलं ना, उपयोग नाही म्हणून? तो म्हणाला, "आम्हीही तेच म्हटलं. तर म्हणतात, कायद्यात न्हाई, एवढंच म्हनले साहेब." ते शिपाई म्हणूनच निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेल्याचं कळलं. तोवर सोपान पिंपरीच्या एका कारखान्यात कायम झाला होता, त्याचं लग्न झालं होतं, घरात पाळणा हलला होता. ती बातमी आली त्या दिवशी आईने सोपानच्या मुलाला मांडीवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. हे सगळं त्या एका माणसाने आम्हाला दिलं, असं मी मानतो. कुणी मला भाबडा म्हणालं तरी हरकत नाही.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो ते निघाले तो दिवस.

पुण्याच्या एस.टी.शी अर्धा बाजार जमला होता. गाडीवाले, हॉटेलवाला, महाळुंग्याची ती म्हातारीसुद्धा, ह्या वेळी हातात भाकरीचं गाठोडं घेऊन. त्यांची मंडळी आत जागेवर बसली होती, ट्रंक वर चढली होती. सोपान सगळ्यांच्या मागे उभा होता. हवालदारांनी दारातून त्याला बोटाने जवळ बोलावलं. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, धरा जरा टोपी."

मी धरली. त्यांनी पायरीवरून वाकून सोपानच्या कानाखाली अशी सणसणीत ठेवून दिली की आतले प्रवासी उठून बघायला लागले. सोपान गाल धरून उभा राहिला.

"सरकारचं कोर्टात मिटलं," हवालदार म्हणाले. "आपलं दोघांचं ऱ्हायलं हुतं."

"हे कुठलं कलम, हवालदार?" मी विचारलं.

"ह्याला कलम न्हाई," ते म्हणाले, आणि ज्या गालावर मारलं त्याच गालावर त्यांनी हात ठेवला. सोपान हसायला लागला आणि हसता हसता हमसून रडायला लागला. इतके दिवस राहिलेलं ते एकदाचं बाहेर आलं. "चुकलो हवालदार," एवढंच तो बोलला.

कंडक्टरने दोरी ओढली. गाडी हलली आणि माझ्या लक्षात आलं की टोपी माझ्याच हातात आहे. मी ओरडलो, पण माझे पाय म्हणजे मशीन चालवणारे पाय. सोपानने टोपी माझ्या हातातून ओढली आणि गाडीबरोबर धावत सुटला. दाराचा दांडा एका हाताने धरून त्याने दुसऱ्या हाताने ती टोपी हवालदारांच्या डोक्यावर ठेवली, हळूच, भुवईवरच्या त्या व्रणाला धक्का न लावता.

वाकडी बसली होती. डाव्या कानावर आली होती. हवालदारांनी ती सरळ केली नाही. गाडी पुण्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत ते तसेच दारात उभे होते, वाकड्या टोपीने, आमच्याकडे बघत.